खोडदच्या माळावरच्या तीस तबकड्या: गोविंद स्वरूप यांची गोष्ट

१/
मार्गशीर्ष पौर्णिमेला तापीकाठच्या सारंगखेड्यात दत्तजयंतीची यात्रा भरते. घोड्यांच्या बाजारासाठी ही यात्रा देशभर ठाऊक आहे. त्या रात्री यात्रेवर उगवणारा चंद्र रोहिणी-मृगाच्या परिसरात असतो, आणि रात्रभर ताऱ्यांमधून पूर्वेकडे सरकत राहतो. हा वेग तासाला साधारण स्वतःच्या व्यासाइतका. सरकताना वाटेत आलेला एखादा तारा तो झाकून टाकतो आणि थोड्या वेळाने पुन्हा मोकळा करतो. खगोलशास्त्रात याला पिधान म्हणतात.

२/
घोड्यांचा सौदा करणाऱ्याचे या घटनेकडे लक्ष जाण्याचे कारण नाही. परंतु १९६३ साली मुंबईत चौतिशीतला एक माणूस याच घटनेचा विचार करीत होता. चंद्राच्या कडेचा उपयोग मोजपट्टीसारखा करता येईल आणि त्या मोजपट्टीने विश्वाच्या उत्पत्तीविषयीच्या एका जागतिक वादात भारताला बोलता येईल, असे त्याच्या मनात आले होते. त्याचे नाव गोविंद स्वरूप. नारायणगावजवळच्या खोडद येथे आज उभ्या असलेल्या तीस प्रचंड अँटेना ही त्याच माणसाची पुढची करणी. हा धागा त्याच्याविषयी.

३/
गोविंद स्वरूप यांचा जन्म २३ मार्च १९२९ रोजी उत्तर प्रदेशातील मुरादाबाद जिल्ह्यातल्या ठाकुरद्वारा या गावी झाला. अलाहाबाद विद्यापीठातून १९५० साली भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर ते दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत दाखल झाले. प्रयोगशाळेचे संचालक होते के. एस. कृष्णन, रामन परिणामाच्या शोधात सी. व्ही. रामन यांचे सहकारी असलेले तेच कृष्णन. त्यांनी या नव्या पोराला इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्सचे उपकरण उभे करायला सांगितले. तयार उपकरण विकत घेण्याची सोय नव्हती. महायुद्धानंतर उरलेल्या रडारचे सुटे भाग जमवून स्वरूप यांनी ते उभे केले. असलेल्या वस्तूंतून हवी ती वस्तू घडवण्याची ही सवय त्यांना आयुष्यभर पुरली.

४/
युद्धातल्या रडारचा आणि रेडिओ खगोलशास्त्राचा संबंध जवळचा आहे. आकाशातून रेडिओ लहरी येतात हे अमेरिकेतील कार्ल जान्स्की यांना १९३०च्या दशकाच्या प्रारंभी आढळले होते. ग्रोट रेबर यांनी १९३७ साली स्वतःच्या घराच्या अंगणात तबकडी उभारून आकाश तपासले. तरीही या विषयाला खरे बळ मिळाले ते युद्ध संपल्यावर. इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियातील रडारतज्ज्ञांना शत्रूची विमाने शोधण्याचे काम उरले नाही, तेव्हा त्यांनी आपल्या अँटेना सूर्याकडे आणि आकाशगंगेकडे वळवल्या.

५/
१९५२ साली रेडिओविज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी कृष्णन सिडनीला गेले आणि तिथल्या तरुण शास्त्रज्ञांचे काम पाहून भारावून परतले. त्यांच्याच पुढाकाराने कोलंबो योजनेखाली दोन भारतीय सिडनीला रवाना झाले. एक स्वरूप, दुसरे कोडाईकनाल वेधशाळेचे आर. पार्थसारथी. मार्च १९५३ मध्ये स्वरूप तिथे पोहोचले. जोसेफ पॉसी हे त्या विभागाचे प्रमुख. त्यांनी स्वरूप यांना एकाच गटात न बसवता क्रिस्टियान्सन, मिल्स, वाइल्ड, बोल्टन अशा निरनिराळ्या गटांत काही काही महिने काम करायला लावले. ही चारही नावे पुढे या विषयाच्या इतिहासात पहिल्या पानावर गेली. शिकण्यासाठी याहून चांगली जागा त्या काळात जगात क्वचितच असेल.

६/
सिडनीच्या पॉट्स हिल या उपनगरात पाणीपुरवठ्याच्या तलावाच्या काठाने क्रिस्टियान्सन यांनी तबकड्यांच्या रांगा मांडल्या होत्या. पूर्व-पश्चिम रांगेत सहा-सहा फूट व्यासाच्या ३२, दक्षिणोत्तर रांगेत १६. पृथ्वी स्वतःभोवती फिरते तशी ही रांग सूर्याकडे दिवसभर वेगवेगळ्या कोनांतून पाहते. ती सगळी निरीक्षणे गणिताने एकत्र केली की सूर्याचे द्विमितीय रेडिओचित्र मिळते. संगणक हाताशी नव्हता. ती किचकट आकडेमोड हातांनी करणाऱ्यांत स्वरूप होते आणि एका चित्रासाठी महिने लागले. ही पद्धत पुढे इंग्लंडमध्ये मार्टिन राइल यांनी पूर्णत्वास नेली आणि १९७४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. खोडदची दुर्बीणही मुळात याच तत्त्वावर चालते. म्हणजे पंचविशीच्या आतच स्वरूप यांनी ती विद्या हाताने गिरवली होती.

७/
थोड्याच काळात त्या ३२ तबकड्या ऑस्ट्रेलियनांना नकोशा झाल्या. क्रिस्टियान्सन त्याहून मोठी मांडणी आखत होते. तबकड्या मोडीत निघणार हे कळताच स्वरूप यांनी पॉसींना विचारले, त्या भारताला देता येतील का? पॉसींनी होकार दिला. भेट ठरली आणि १९५५ मध्ये स्वरूप दिल्लीला परतले.

८/
मग गाडी अडली ती वाहतूक खर्चावर. तबकड्या फुकट मिळत होत्या. परंतु त्या जहाजाने आणण्याचे पैसे कोणी द्यायचे यावर दोन देशांच्या कचेऱ्यांत पत्रव्यवहार सुरू राहिला. भारताला परकीय चलनाची चणचण होती, आणि देणगीही द्यायची व भाडेही भरायचे हे ऑस्ट्रेलियाला मान्य नव्हते. वर्ष गेले. हाती यंत्र नाही आणि वय सत्तावीस. १९५६ च्या ऑगस्टमध्ये स्वरूप अमेरिकेला निघून गेले. तबकड्या नंतर यथावकाश दिल्लीत पोहोचल्या, आणि त्यांच्यावर काम करणारा माणूस नसल्याने तिथे पडून राहिल्या.

९/
अमेरिकेतली सात वर्षे भरभराटीची होती. टेक्सासमधील फोर्ट डेव्हिस येथे हार्वर्डच्या रेडिओ केंद्रावर काम करताना ॲलन मॅक्सवेल आणि स्वरूप यांनी सूर्यावरील रेडिओ स्फोटांचा एक नवा प्रकार नोंदवला. आलेखावर तो इंग्रजी ‘यू’ अक्षर उलटे केल्यासारखा दिसतो. सूर्यावरून उसळलेले इलेक्ट्रॉन चुंबकीय कमानीवरून वर चढतात आणि दुसऱ्या बाजूने खाली उतरतात, त्याची ही खूण. १९५८ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले.

१०/
पुढे स्टॅनफर्डला रोनाल्ड ब्रेसवेल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पीएच.डी. केली. तिथे त्यांनी केलेले एक काम सामान्य वाचकाला नीरस वाटेल. परंतु या क्षेत्रातल्या माणसांना ते फार मोलाचे वाटते. लांबवर पसरलेल्या अँटेनांचे संदेश एकत्र आणायचे तर प्रत्येक तारेतून येताना लहर किती मागेपुढे झाली हे नेमके ठाऊक असावे लागते. नाहीतर भजनात प्रत्येक टाळकऱ्याने आपापल्या तालावर टाळ वाजवावा तसा गोंधळ होतो. पूर्वी हे जुळवण्यात बराच काळ जाई. स्वरूप आणि त्यांचे सहकारी यांग यांनी अशी युक्ती काढली की एका ठिकाणाहून पाठवलेला संदेश अँटेनेपर्यंत जाऊन त्याच तारेने परत यावा आणि जाण्या-येण्यातला फरक एकाच जागी बसून मोजता यावा. १९६१ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध झाली आणि जगभरच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींनी ती कोणत्या ना कोणत्या रूपात उचलली.

११/
त्याच वर्षी स्टॅनफर्डने त्यांना सहायक प्राध्यापक केले. अमेरिकेत स्थिरावण्याची सगळी तयारी झाली होती.

१२/
१९६१ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातील बर्कली येथे जागतिक खगोलशास्त्रज्ञांचे अधिवेशन भरले. परदेशात काम करणारे चार भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञ तिथे एकत्र आले: स्वरूप, टी. के. मेनन, मुकुल कुंडू आणि टी. कृष्णन. चौघांनी मिळून एक प्रस्ताव लिहिला. भारतात रेडिओ खगोलशास्त्राचा गट स्थापन करायचा असेल तर आम्ही परत यायला तयार आहोत, असा त्याचा आशय. तो देशातील प्रमुख विज्ञानसंस्थांच्या धुरिणांकडे गेला. कॅलिफोर्नियात चांगली नोकरी असताना लिहिलेल्या अशा पत्राचे शेवटी काय होते, हे पुष्कळांना ठाऊक असेल.

१३/
या पत्राला मात्र होमी भाभा यांचा प्रतिसाद आला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संस्थापक असलेल्या भाभांची रीत वेगळी होती. आधी खाते आणि इमारत, मग जाहिरात देऊन माणूस, हा सरकारी क्रम त्यांना मान्य नव्हता. योग्य माणूस सापडला की त्याच्याभोवती संस्था उभारावी, असे ते मानत. त्यांनी परदेशातील नामांकित खगोलशास्त्रज्ञांकडून या चौघांविषयी मते मागवली आणि जानेवारी १९६२ मध्ये तार पाठवली: गट स्थापन करण्याचे ठरले आहे, पत्र मागून येत आहे. पुढच्या पत्रात त्यांनी असेही सूचित केले की या गटाने अपेक्षा पुऱ्या केल्या तर आज कल्पना करतो त्याहून मोठी साधने उभी करता येतील.

१४/
१९६३ च्या एप्रिलच्या आरंभी स्वरूप कुलाब्याच्या संस्थेत रुजू झाले. चीनबरोबरच्या युद्धाला सहा महिनेही झाले नव्हते. चौघांपैकी मेनन आणि कुंडू पुढे काही वर्षांसाठी येऊन गेले. कायमचे राहिले ते स्वरूप. चौघे मिळून उभारायचे होते ते काम व्यवहारात एकट्यावर येऊन पडले आणि त्यांनी ते महाविद्यालयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांना हाताशी धरून केले. यांतल्या बहुतेकांनी रेडिओ दुर्बीण कधी पाहिलीही नव्हती. पुढे पुण्याच्या केंद्राचे प्रमुख झालेले विजय कपाही त्यांपैकीच एक.

१५/
पहिले काम होते दिल्लीत पडून राहिलेल्या त्या ३२ तबकड्या ताब्यात घेण्याचे. त्या मुंबईला आणून कल्याणजवळ मांडण्यात आल्या: २४ तबकड्या पूर्व-पश्चिम ६३० मीटर लांबीवर, ८ दक्षिणोत्तर. १९६५ मध्ये भारताची ही पहिली मोठी रेडिओ दुर्बीण ६१० मेगाहर्ट्‌झवर सूर्याचे निरीक्षण करू लागली. जगाच्या हिशेबात ती लहानच होती. गटातली मुले तिच्यावर शिकली. सिडनीच्या तलावाकाठून निघालेल्या तबकड्यांना कामाला लागायला दहा वर्षे लागली, आणि दिरंगाईचे कारण काय, तर जहाजाचे भाडे.

१६/
कल्याणचे काम चालू असतानाच स्वरूप यांच्या डोक्यात चंद्र शिरला होता. १९६२-६३ मध्ये चंद्राने झाकलेल्या एका रेडिओस्रोताची जागा ऑस्ट्रेलियातून सिरिल हॅझर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अचूक ठरवली. तो स्रोत म्हणजे ३सी २७३, आणि त्यातूनच क्वेसार या अतिदूरच्या, अतितेजस्वी वस्तूंचा शोध लागला. रेडिओ दुर्बिणीची मुख्य अडचण अशी की रेडिओ लहरी लांब असल्याने तिची नजर अधू असते. एखादा स्रोत कुठे आहे आणि केवढा आहे हे तिला बारकाईने दिसत नाही. परंतु चंद्राची कड त्या स्रोतावरून सरकत असताना त्याची तीव्रता कशी कमी होत जाते हे क्षणाक्षणाला नोंदवले, तर जागाही कळते आणि आकारही. चंद्र फुकट आहे आणि तो वर्षभरात आकाशाच्या एका रुंद पट्ट्यातून फिरतो. स्वरूप यांनी विचार केला: एकदोन स्रोतांवर न थांबता शेकडो क्षीण स्रोतांची अशी पिधाने का मोजू नयेत?

१७/
त्यासाठी फार मोठी दुर्बीण हवी होती, आणि ती चंद्राबरोबर तासन्‌तास फिरली पाहिजे. इथे त्यांना सुचलेली कल्पना समजून घेण्यासाठी पुन्हा सारंगखेड्याला यावे लागेल. तिथून ध्रुवतारा क्षितिजापासून साधारण २१ अंश उंचीवर दिसतो, कारण गावाचा अक्षांश तेवढाच आहे. पृथ्वीचा आस त्या दिशेला रोखलेला असतो. एखादा लांबलचक पन्हळ जमिनीवर उत्तर-दक्षिण ठेवून त्याचे उत्तरेकडचे टोक २१ अंशांनी उचलले, तर तो पन्हळ पृथ्वीच्या आसाला समांतर होतो. मग त्याला फक्त एकाच आसाभोवती पूर्वेकडून पश्चिमेकडे सावकाश वळवत राहिले की तो चंद्राचा पाठलाग करू शकतो. परंतु अर्ध्या किलोमीटर लांबीचा पन्हळ २१ अंशांनी उचलणार कसा?

१८/
स्वरूप यांचे उत्तर होते: उचलायचा नाही, तेवढ्याच उताराची टेकडी शोधायची. जितके दक्षिणेला जावे तितका अक्षांश कमी आणि उतार सौम्य. म्हणून नकाशे घेऊन दक्षिणेतील डोंगर तपासण्यात आले आणि निलगिरीत, ऊटीजवळच्या मुथोराई येथे हवी ती टेकडी सापडली. ऊटीचा अक्षांश सुमारे ११ अंश आणि त्या टेकडीचा उत्तर-दक्षिण उतारही सुमारे ११ अंश. तिच्यावर ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद दुर्बीण बसवण्याचे ठरले.

१९/
भाभांनी योजनेला पाठिंबा दिला. परंतु २४ जानेवारी १९६६ रोजी आल्प्समध्ये माँ ब्लाँवर झालेल्या विमान अपघातात ते गेले. ज्याच्या शब्दावर परदेश सोडला तो माणूस आणि त्याचा हात एका दिवसात नाहीसा झाला. संस्थेने काम थांबवले नाही. २४ पोलादी परवलयाकार चौकटी, त्यांवर ताणलेल्या ५३० मीटर लांबीच्या ११०० स्टेनलेस स्टीलच्या तारा आणि नाभिरेषेवर १०५६ द्विध्रुव असे ते यंत्र जवळपास सगळे भारतातच घडले. तबकडी म्हणजे धातूचा अखंड पत्रा हवा असे वाटते. परंतु सुमारे एक मीटर लांबीच्या लहरीला जवळजवळ ताणलेल्या तारा आणि पत्रा यांत फरक कळत नाही. इंग्लंडच्या जॉड्रेल बँक येथील ७६ मीटर व्यासाच्या प्रसिद्ध तबकडीच्या सुमारे साडेतीन पट एवढे या पन्हळाचे क्षेत्रफळ भरते. फेब्रुवारी १९७० मध्ये तिने पहिले पिधान टिपले. त्या वेळी भारतात दूरदर्शन फक्त दिल्लीत दिसत होते.

२०/
त्या दशकात ऊटीने हजाराहून अधिक रेडिओस्रोतांची पिधाने नोंदवली. आता मूळ वाद. १९४८ पासून फ्रेड हॉइल, बोंडी आणि गोल्ड यांनी असा सिद्धान्त मांडला होता की विश्वाला आरंभ नाही. ते प्रसरण पावते, पण मोकळ्या होणाऱ्या जागेत नवे द्रव्य निर्माण होत राहते, म्हणून ते सदा सारखेच दिसते. दुसऱ्या बाजूला महास्फोटाचा सिद्धान्त. विश्व सदा सारखे असेल तर दूरच्या, म्हणजे जुन्या काळातल्या, दीर्घिका जवळच्या दीर्घिकांसारख्याच असायला हव्यात. १९७५ मध्ये स्वरूप आणि कपाही यांनी दाखवले की क्षीण रेडिओस्रोतांचे कोनीय आकार ज्या रीतीने लहान होत जातात, ती रीत स्थिर विश्वाशी जुळत नाही. काळाबरोबर रेडिओ दीर्घिका बदलत आल्या आहेत असे मानावे लागते.

२१/
इथे एक गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. हॉइल यांचे सर्वांत नामवंत शिष्य आणि स्थिर विश्वाचे खंदे पुरस्कर्ते होते कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर. ते १९७२ मध्ये केंब्रिजहून परतले आणि रुजू झाले ते याच टाटा संस्थेत. म्हणजे एकाच संस्थेत एकजण स्थिर विश्वाची गणिते करीत होता आणि दुसऱ्याची दुर्बीण त्याविरुद्ध पुरावा गोळा करीत होती. न्यायाने हेही सांगायला हवे की १९६५ साली सापडलेल्या वैश्विक पार्श्वप्रारणाने पारडे आधीच महास्फोटाकडे झुकवले होते. ऊटीचा पुरावा स्वतंत्र होता, पण पहिला नव्हता. नारळीकरांनी शेवटपर्यंत आपले मत सोडले नाही. पुढे दोघांच्या संस्था पुणे विद्यापीठाच्या आवारात शेजारी-शेजारी उभ्या राहिल्या.

२२/
स्वरूप यांच्या यशाच्या यादीत न दिसणारे एक प्रकरण आहे. ऊटीनंतर त्यांनी विषुववृत्तावर दोन किलोमीटर लांब पन्हळाची कल्पना मांडली. तिथे अक्षांश शून्य, म्हणून सपाट जमीन चालते. केनिया, इंडोनेशिया अशा विकसनशील देशांनी एकत्र येऊन ही दुर्बीण बांधावी असा प्रस्ताव होता. बैठका झाल्या, जागा पाहिल्या गेल्या, वर्षे गेली. १९८३ च्या सुमारास हे होणार नाही हे स्पष्ट झाले. दरम्यान अमेरिकेने न्यू मेक्सिकोत २७ तबकड्यांची व्हीएलए ही दुर्बीण उभी केली होती. जग पुढे निघून गेले होते आणि स्वरूप यांचे वय ५४ झाले होते.

२३/
नव्या कल्पनेने जन्म घेतला तो या अपयशातून. व्हीएलए मुख्यतः लहान तरंगलांबीवर काम करते. मीटरभर लांबीच्या लहरींवर तशी मोठी दुर्बीण जगात कुठेच नव्हती. एक कारण असे की पाश्चात्त्य देशांत या लहरी दूरचित्रवाणी आणि संदेशवहनाने गजबजलेल्या होत्या. भारतात तेव्हा हा गोंगाट कमी होता. आपल्या मागासलेपणाचा असा उपयोग क्वचितच कोणी केला असेल. १९८४ मध्ये योजनेची आखणी सुरू झाली आणि १९८७ मध्ये मंजुरी मिळाली: जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, जीएमआरटी.

२४/
जागा हवी होती शांत, डोंगरांनी आडोसा दिलेली, फार वारा नसलेली, आणि तरीही शहरापासून गाठता येईल अशी. ती जुन्नर तालुक्यात, पुण्याच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर खोडद येथे सापडली. शेजारचे नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी, द्राक्षांचे आणि टोमॅटोचे गाव, पलीकडे शिवनेरी. जवळच्याच आर्वी येथे १९७१ मध्ये उपग्रह संदेशवहनाचे देशातले पहिले व्यापारी भूकेंद्र उभे राहिले होते. या एका तालुक्याने आकाशाशी बोलण्याच्या दोन जागा दिल्या.

२५/
४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. चौदा मध्यभागी सुमारे एक चौरस किलोमीटरमध्ये, उरलेल्या सोळा इंग्रजी ‘वाय’ आकाराच्या तीन भुजांवर, प्रत्येक भुजा सुमारे १४ किलोमीटर. खोडदऐवजी सारंगखेडा केंद्र मानले, तर एक भुजा साधारण शहाद्याच्या आसपास जाईल आणि दुसरी दोंडाईच्याच्या पुढे. एवढ्या पसाऱ्यातून आलेले संदेश प्रकाशतंतूंनी एका इमारतीत येतात आणि सगळे मिळून २५ किलोमीटर रुंद एकाच डोळ्यासारखे वागतात.

२६/
खरी अडचण पैशाची होती. ४५ मीटर व्यासाची पारंपरिक तबकडी इतकी जड होते, आणि वाऱ्याचा एवढा मार खाते, की तिला फिरवणारी यंत्रे आणि पायाच परवडत नाहीत. स्वरूप आणि त्यांच्या अभियंत्यांनी तबकडीचे अंग जवळजवळ काढूनच टाकले. सोळा परवलयाकार नळ्यांच्या चौकटी, त्यांच्यामध्ये ताणलेले स्टेनलेस स्टीलचे दोर, आणि दोरांना बांधलेली बारीक तारेची जाळी. बाजेची वीण घट्ट ताणली की ती माणसाचे वजन पेलते, तसेच हे दोर जाळीला नेमका आकार देतात. जाळीची भोके एक ते दोन सेंटीमीटरची. वारा त्यांतून निघून जातो, रेडिओ लहर मात्र परावर्तित होते, कारण इथल्या सर्वांत लहान लहरीही सुमारे २१ सेंटीमीटरच्या आहेत. खोडदला तबकडीखाली उभे राहून वर पाहिले तर ढग आरपार दिसतात. अशा रीतीने व्हीएलएच्या सुमारे साडेतीन पट क्षेत्रफळ उभे राहिले.

२७/
१९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत तबकड्या उभ्या राहिल्या. स्वरूप १९९४ मध्ये निवृत्त झाले, म्हणजे कागदोपत्री. दुर्बीण ऑक्टोबर २००१ मध्ये राष्ट्राला अर्पण झाली आणि २००२ पासून जगभरच्या संशोधकांना खुली झाली. तिच्यावर वेळ मिळवण्यासाठी परदेशी शास्त्रज्ञ अर्ज करतात. तबकड्या मागून आणणाऱ्या माणसाने हे पाहिले.

२८/
सगळेच साधले असे नाही. आरंभीच्या विश्वातील हायड्रोजनचे प्रचंड ढग शोधणे हा दुर्बिणीमागचा एक मूळ हेतू होता. तसे ढग असावेत असे सुचवणारा सिद्धान्तच पुढे मागे पडला. हायड्रोजनने मात्र निराळ्या वाटेने दर्शन दिले. २०२३ च्या प्रारंभी जाहीर झालेल्या संशोधनात खोडदने ८.८ अब्ज वर्षे प्रवास करून आलेला एका दीर्घिकेतील हायड्रोजनचा क्षीण संदेश टिपला. त्याच वर्षी जूनमध्ये युरोपीय आणि भारतीय गटांनी स्पंदक ताऱ्यांच्या ठोक्यांवरून अतिमंद गुरुत्वीय लहरींचा पुरावा मांडला, त्यातही खोडदची निरीक्षणे होती. आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये मंगळावर उतरू पाहणाऱ्या शियापरेल्ली या युरोपीय यानाची कोसळण्यापूर्वीची शेवटची कुजबुज ऐकली तीही जुन्नरच्या माळावरूनच.

२९/
शांतता टिकवणे दिवसेंदिवस कठीण होत आहे. मोबाइल मनोरे, विजेच्या तारा, उद्योग हे सारे दुर्बिणीच्या दृष्टीने गोंगाट. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेची नारायणगावकडून जाणारी आखणी जीएमआरटीमुळे बदलावी लागते असे रेल्वेने सांगितल्यावर जुन्नर, आंबेगाव भागात तीव्र नाराजी उमटली. विज्ञानाच्या नावाने आमची रेल्वे का जावी, हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. शेतमाल शहरात पोहोचवणाऱ्या तालुक्याला तो विचारण्याचा हक्क आहे. दुर्बीण उचलून दुसरीकडे नेता येत नाही, हेही तितकेच खरे.

३०/
निवृत्तीनंतर स्वरूप पुण्यातच राहिले. माजी कुलगुरू वि. ग. भिडे यांच्यासह त्यांनी पदवीपासूनच संशोधनाशी जोडलेल्या पाच वर्षांच्या एकात्म विज्ञानशिक्षणाचा आग्रह धरला. आयसर संस्थांमागे ही कल्पना होती. १९९१ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना फेलो केले. त्याआधी भटनागर पुरस्कार आणि पद्मश्री, पुढे हर्शेल पदक आणि ग्रोट रेबर पदक. अंगणात तबकडी उभारणाऱ्या रेबर यांच्या नावाचे पदक, मोडीतल्या तबकड्या मागून आणणाऱ्याला.

३१/
७ सप्टेंबर २०२० रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी, पुण्यात त्यांचे निधन झाले. दोन-अडीच महिन्यांनी विद्युत अभियंत्यांच्या जागतिक संघटनेने जीएमआरटीला ‘मैलाचा दगड’ हा मान दिला. भारतात त्यापूर्वी तो दोनच कामांना मिळाला होता: जगदीशचंद्र बोस यांचे रेडिओ लहरींचे प्रयोग आणि रामन परिणाम. दुसऱ्या कामात कृष्णन होते, ज्यांनी १९५२ साली सिडनीहून परतल्यावर एका तरुणाला हा विषय सुचवला.

३२/
दरवर्षी २८ फेब्रुवारीला, रामन परिणामाच्या शोधाच्या दिवशी, खोडदचे फाटक सर्वांसाठी उघडते. गावोगावच्या शाळांतून मुले स्वतः केलेली उपकरणे घेऊन प्रदर्शनाला येतात आणि दिवसभर त्या जाळीच्या तबकड्यांखालून फिरतात.